चेतासंधानातील रेशीम : स्वरूप, कार्य आणि मर्यादा

१. संज्ञा

तुटलेली चेता सांधण्यासाठी रेशमापासून सिद्ध केलेल्या सामग्रीचा उपयोग का होतो, कसा होतो आणि कोठपर्यंत होऊ शकतो, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. त्यात वारंवार येणाऱ्या पाच संज्ञांचे अर्थ आरंभी निश्चित करणे आवश्यक आहे.

(१) अक्षतंतू : चेतापेशीच्या कायेपासून निघून स्नायू, त्वचा किंवा दुसरी पेशी येथपर्यंत आवेग वाहून नेणारा दीर्घ प्रवर्ध. (२) श्वान पेशी : मेंदू व मेरुरज्जू यांच्या बाहेरील अक्षतंतूंना वेढणारी आणि त्यांपैकी जाड तंतूंभोवती मायलिनचे आवरण रचणारी पेशी. (३) चेता : अक्षतंतूंचे जुडगे, श्वान पेशी, रक्तवाहिन्या आणि त्यांना एकत्र बांधणारी संयोजी ऊतीची आवरणे मिळून झालेली रचना. (४) पुनर्जनन : तुटलेला अक्षतंतू पुन्हा वाढून त्याचा आपल्या लक्ष्याशी कार्यक्षम संबंध प्रस्थापित होणे. (५) जैवसामग्री : शरीरात ठेवली असता ऊतीला अपाय न करता नेमून दिलेले कार्य करणारा पदार्थ.

चौथ्या व्याख्येतील 'कार्यक्षम संबंध' हे पद गाळता येत नाही. तंतू वाढला, परंतु भलत्याच लक्ष्याला जाऊन मिळाला, तर वाढ झाली असे म्हणता येईल. पुनर्जनन झाले असे म्हणता येणार नाही. पुढे प्रयोगांचे मूल्यमापन करताना हाच निकष लावला आहे.

२. इजेचे प्रकार

प्रत्येक चेताइजेला जैवसामग्रीची गरज नसते. ब्रिटिश अस्थिशल्यविशारद हर्बर्ट सेडन यांनी १९४३ मध्ये परिघीय चेतांच्या इजांचे तीन वर्ग केले.

पहिल्या वर्गात अक्षतंतू अखंड असतो. केवळ आवेगाचे वहन खंडित झालेले असते. काही आठवड्यांत ते आपोआप पूर्ववत होते. दुसऱ्या वर्गात अक्षतंतू तुटतो, पण त्याच्याभोवतीची नलिकाकार चौकट शाबूत राहते. तंतू त्याच चौकटीतून पुन्हा वाढतो आणि बहुधा योग्य लक्ष्यापर्यंत पोहोचतो. तिसऱ्या वर्गात संपूर्ण चेता छिन्न होते. तंतूही तुटतो आणि मार्गही तुटतो. सिडनी संडरलँड यांनी १९५१ मध्ये याच वर्गीकरणाचा विस्तार करून पाच श्रेणी सांगितल्या. त्यांचे आधारतत्त्व हेच आहे की, इजेचे गांभीर्य तंतूच्या तुटण्यापेक्षा त्याच्या चौकटीच्या तुटण्यावर अधिक अवलंबून असते.

तिसऱ्या वर्गाचे पुन्हा दोन पोटभेद होतात. (अ) दोन्ही टोके ताण न देता एकत्र आणता येतात. येथे सूक्ष्मदर्शकाखाली घातलेले टाके पुरेसे असतात. (आ) मधला भाग नष्ट झाल्यामुळे टोकांमध्ये अंतर राहते. ताण देऊन टोके जोडल्यास चेतेतील रक्तप्रवाह कमी होतो आणि जोडावर व्रणऊती वाढते. अशा अंतरात ताणरहित कलम बसवावे, हे तत्त्व व्हिएन्नाचे हानो मिलेसी यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दृढ केले. प्रस्तुत विषयाचा मुख्य संबंध या (आ) पोटभेदाशी आहे.

३. प्रचलित उपाय आणि त्याचे मूल्य

अंतर भरण्याचा प्रमाणभूत उपाय स्वकलम हा आहे. रुग्णाच्याच शरीरातील कमी महत्त्वाची संवेदी चेता काढून ती अंतरात बसवतात. पोटरीच्या मागील बाजूने पावलाच्या बाह्य कडेपर्यंत जाणारी सुरल चेता यासाठी बहुधा निवडली जाते. तिच्यात श्वान पेशी, त्यांची चौकट आणि वाढीस पोषक रेणू हे तिन्ही घटक असतात. म्हणूनच नव्या प्रत्येक सामग्रीची तुलना स्वकलमाशी केली जाते.

तथापि या उपायाला तीन प्रकारचे मूल्य द्यावे लागते : दुसऱ्या ठिकाणी जखम होते, पावलाच्या बाह्य कडेची संवेदना जाते, आणि उपलब्ध चेतेची लांबी व जाडी मर्यादित असते. कृत्रिम सामग्रीचा शोध या मूल्यातून उद्भवला आहे. स्वकलमापेक्षा सरस ठरणे ही त्या शोधाची पहिली अट नाही. स्वकलमाच्या जवळपास पोहोचून रुग्णाची दुसरी जखम टाळता आली, तरी त्याचे प्रयोजन सिद्ध होते.

४. पुनर्जननाचे टप्पे

सामग्रीने काय करावे हे ठरवण्यापूर्वी ऊती स्वतः काय करते हे जाणणे आवश्यक आहे. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेकडे जाणाऱ्या चेता कापून दाखवून दिले की, पेशीकायेपासून विलग झालेला तंतूचा भाग विघटित होतो. हा ऱ्हास पुनर्जननाची पूर्वतयारी ठरतो. भक्षक पेशी मायलिनचे अवशेष दूर करतात. श्वान पेशी विभाजित होऊन जुन्या चौकटीत रांगेने उभ्या राहतात. या रांगांना ब्युंग्नरचे पट्टे म्हणतात. वाढणारा तंतू त्यांच्याच आधाराने पुढे सरकतो. मानवात या वाढीचा वेग दिवसाला सुमारे १ मिलिमीटर धरला जातो.

अंतर नलिकेने सांधले असता नलिकेच्या आत घडणाऱ्या घटनांचा क्रम उंदराच्या चेतेवरील सिलिकोन नलिकेच्या प्रयोगांतून १९८३ मध्ये स्पष्ट झाला. त्याचे चार टप्पे करता येतात. (१) द्रव टप्पा : पहिल्या काही तासांत दोन्ही टोकांतून स्रवणारा, पोषक रेणूंनी युक्त द्रव नलिकेत भरतो. (२) आधारद्रव्य टप्पा : सुमारे आठवडाभरात त्या द्रवातील फायब्रिनचा एक सलग दोर दोन टोकांमध्ये तयार होतो. (३) पेशी टप्पा : या दोरावरून दोन्ही बाजूंनी श्वान पेशी, रक्तवाहिन्यांच्या पेशी आणि संयोजी ऊतीच्या पेशी आत येतात. (४) तंतू टप्पा : पेशींच्या मार्गावरून अक्षतंतू वाढतात आणि नंतर त्यांच्यावर मायलिन चढते.

हे टप्पे परस्परांपासून स्वतंत्र नाहीत. प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यावर उभा आहे. फायब्रिनचा दोर न बनल्यास पेशींना मार्ग मिळत नाही, आणि पेशी न आल्यास तंतू थांबतात. अंतर वाढत गेले की हा दोर मध्यभागी बारीक होत जातो आणि एका मर्यादेपलीकडे बनतच नाही. म्हणून पोकळ नलिका लहान अंतरात यशस्वी आणि मोठ्या अंतरात अयशस्वी ठरते. मानवात ही मर्यादा साधारणपणे ३ सेंटिमीटर मानतात.

५. सामग्रीकडून अपेक्षित गुण

वरील क्रमावरून आदर्श सामग्रीच्या अटी अनुमानाने काढता येतात.

(१) अवकाशरक्षण : नलिका आजूबाजूच्या स्नायूंच्या दाबाने चेपली जाऊ नये आणि सांध्याच्या हालचालीत मुडपली जाऊ नये. (२) निवडक पारगम्यता : प्राणवायू व पोषकद्रव्ये आत जावीत; व्रणऊती रचणाऱ्या पेशी आत जाऊ नयेत. (३) दिशादर्शन : आतील पृष्ठभागाने किंवा तंतूंनी पेशींना लांबीच्या दिशेने मार्ग द्यावा. (४) सौम्यता : दाहप्रतिक्रिया अल्प असावी. (५) कालानुरूप विलय : कार्य संपल्यावर सामग्री नाहीशी व्हावी.

पाचवी अट सर्वांत कठीण आहे. सिलिकोनच्या नलिकेने पहिल्या अटीची पूर्तता केली. परंतु ती न विरघळल्यामुळे कालांतराने वाढलेल्या चेतेवर दाब आणू शकते आणि प्रसंगी दुसऱ्या शस्त्रक्रियेने काढावी लागते. याउलट सामग्री फार लवकर विरली तर फायब्रिनचा दोर आणि त्यावरील पेशी उघड्या पडतात. कमान बांधताना खाली उभारलेला लाकडी आधार चुना धरण्यापूर्वी काढला तर कमान कोसळते आणि कधीच काढला नाही तर वाट अडते. चेतासंधानातील सामग्रीची स्थिती तशीच आहे. दोन वेगांचा मेळ बसला पाहिजे : ऊतीच्या वाढीचा वेग आणि सामग्रीच्या विलयाचा वेग. पहिला वेग निसर्गाने ठरवलेला आहे. म्हणून ज्या सामग्रीचा दुसरा वेग मनुष्याला ठरवता येतो, ती सामग्री या कार्याला विशेष पात्र ठरते. रेशमाचा विचार येथून सुरू होतो.

६. रेशमाची घटना

तुतीच्या पाल्यावर वाढणाऱ्या रेशीमकिड्याचा, म्हणजे बॉम्बिक्स मोरीचा, कोश मुख्यतः दोन प्रथिनांचा असतो. फायब्रॉइन हे तंतूचे गर्भद्रव्य. सेरिसिन हे तंतू चिकटवणारे बाह्यद्रव्य. कोशाच्या वजनात सेरिसिनचा वाटा सुमारे एक चतुर्थांश किंवा थोडा अधिक असतो.

फायब्रॉइनच्या दीर्घ शृंखलेचा रेणुभार सुमारे ३,९०,००० डाल्टन आहे. तिच्यात ग्लायसीन, ॲलानीन आणि सेरीन ही तीन लहान अमिनो आम्ले ठरावीक क्रमाने पुनःपुन्हा येतात. लहान घटकांमुळे शृंखलेचे भाग एकमेकांना अगदी लगटून बसतात आणि हायड्रोजन बंधांनी बांधलेली बीटा-पत्रके तयार होतात. या रचनेचे प्रतिमान मार्श, कोरी आणि पॉलिंग यांनी १९५५ मध्ये मांडले. तंतूत अशी स्फटिकमय पत्रके आणि त्यांच्यामधले अस्फटिक, लवचीक भाग आलटून पालटून असतात.

या घटनेतून प्रस्तुत विषयाला उपयुक्त असे दोन निष्कर्ष निघतात. पहिला : स्फटिकमय भागामुळे बळ येते, अस्फटिक भागामुळे लवचीकता येते. दुसरा, अधिक महत्त्वाचा : शरीरातील प्रथिनभेदक विकरे अस्फटिक भागावर सहज आघात करतात आणि स्फटिकमय भागावर संथपणे. म्हणून बीटा-पत्रकांचे प्रमाण हेच विलयकालाचे नियामक ठरते. विलयातून निघणारी पेप्टाइडे आणि अमिनो आम्ले शरीराला अपरिचित नाहीत. पॉलिलॅक्टिक किंवा पॉलिग्लायकॉलिक आम्लाच्या कृत्रिम नलिका विरताना परिसर आम्लयुक्त करतात. रेशमाच्या बाबतीत हा दोष उद्भवत नाही.

७. संस्करण आणि विलयकालाचे नियमन

कोश जसाच्या तसा शरीरात ठेवता येत नाही. फायब्रॉइन आणि सेरिसिन एकत्र राहिल्यास काही व्यक्तींत अतिसंवेदनशीलतेची प्रतिक्रिया दिसते. रेशमी टाक्यांच्या दीर्घ अनुभवातून ही बाब लक्षात आली. म्हणून संस्करणाचे टप्पे असे होतात.

(१) सेरिसिननिष्कासन : कोशाचे तुकडे सोडियम कार्बोनेटच्या विरल द्रावणात सुमारे अर्धा तास उकळतात. फार वेळ उकळल्यास फायब्रॉइनची शृंखलाही तुटू लागते. (२) द्रावण : निष्कासित तंतू लिथियम ब्रोमाइडच्या तीव्र द्रावणात ६० अंश सेल्सियसला विरघळवतात. (३) शुद्धीकरण : अर्धपारगम्य पटलातून लवण बाहेर काढतात, जलीय फायब्रॉइन उरते. (४) रूपदान : या द्रावणापासून पटल, छिद्रमय स्पंज, जेल, नलिका किंवा सूक्ष्मतंतूंची जाळी करतात. (५) स्थिरीकरण : मिथेनॉल, जलबाष्प किंवा ताण यांच्या योगाने बीटा-पत्रके निर्माण करून वस्तू पाण्यात अविद्राव्य करतात. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठात डेव्हिड कॅपलान यांच्या गटाने ही पद्धती तपशिलाने प्रसिद्ध केली आणि ती अनेक प्रयोगशाळांत रूढ झाली.

विलयकालाची सूत्रे पाचव्या टप्प्यात तसेच द्रावकाच्या निवडीत आहेत. मिथेनॉलने पत्रकांचे प्रमाण वाढते. मंद जलबाष्पाने ते तुलनेने कमी ठेवता येते. त्रिमितीय छिद्रमय रेशीमरचना उंदरांच्या शरीरात ठेवल्या असता जलीय पद्धतीने केलेल्या रचना २ ते ६ महिन्यांत विरल्या, तर सेंद्रिय द्रावकापासून केलेल्या रचना वर्षानंतरही टिकून राहिल्या. प्रथिन तेच, प्राणी तोच. फरक केवळ संस्करणाचा.

आता हा काळ चेतेच्या गरजेशी ताडून पाहता येतो. ३ सेंटिमीटरचे अंतर दिवसाला १ मिलिमीटर वेगाने ओलांडण्यास ३० दिवस लागतात. त्यात आरंभीचा विलंब, जोडावरील अडथळा आणि मायलिन चढण्याचा काळ मिळवला तर आधाराची गरज काही महिन्यांची ठरते. रेशमाच्या साध्य विलयकालात ही मुदत बसते. पाचव्या विभागातील अट येथे तत्त्वतः पूर्ण होते.

८. रेशमाचे स्रोत

स्रोतानुसार रेशमाचे तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग तुती-रेशमाचा. उत्पादन विपुल, गुणधर्म सुज्ञात आणि संस्करण सुलभ. त्याची उणीव अशी की, पेशींच्या ग्राहकांना पकड देणारा आर्जिनीन-ग्लायसीन-ॲस्पार्टिक आम्ल हा अनुक्रम त्याच्या फायब्रॉइनमध्ये नसतो. तो रासायनिक क्रियेने जोडावा लागतो, किंवा पकड देणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाचा लेप द्यावा लागतो.

दुसरा वर्ग वन्य रेशमाचा : टसर, मुगा इत्यादी. अँथेरिया वंशातील या किड्यांच्या फायब्रॉइनमध्ये वरील अनुक्रम निसर्गतःच असतो आणि त्यामुळे पेशी अधिक सहजतेने चिकटतात. भारतीय टसरच्या या गुणाचा पद्धतशीर अभ्यास खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सुभाष कुंडू यांच्या गटाने केला. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत ऐन व अर्जुन वृक्षांवर जोपासला जाणारा कोसा याच वंशातील आहे. तथापि टसरचे तंतू लिथियम ब्रोमाइडमध्ये सहज विरघळत नाहीत. म्हणून संशोधनासाठी बहुधा किड्याच्या रेशीमग्रंथीतूनच प्रथिन घ्यावे लागते. पकडीचा लाभ आणि विद्राव्यतेची हानी या दोहोंचा हिशोब एकत्र करावा लागतो.

तिसरा वर्ग कोळ्याच्या रेशमाचा. त्याचा आधारतंतू अत्यंत चिवट व लवचीक असून त्यावर सेरिसिनचे आवरण नसते. म्हणून तो निष्कासनाविना वापरता येतो. परंतु कोळी एकत्र ठेवल्यास एकमेकांना खातात आणि त्यांचे मोठ्या प्रमाणावर पालन होत नाही. जिवंत कोळ्याच्या शरीरातून धागा ओढून गुंडाळावा लागतो. यावर उपाय म्हणून जीवाणूंकडून कोळी-रेशमाचे प्रथिन तयार करून घेण्याचे कार्य जर्मनीत बायरॉइट येथे थॉमस शायबेल यांच्या गटाने पुढे नेले.

९. रचनेचे प्रकार

सामग्री निश्चित झाल्यावर रूपाचा प्रश्न येतो. (१) पोकळ नलिका अवकाश राखते, पण दिशा देत नाही. (२) तंतुपूरित नलिकेत लांबीच्या दिशेने रेशमाचे धागे ठेवलेले असतात. हे धागे फायब्रिनच्या दोराला मध्यभागी आधार देतात आणि श्वान पेशींना रांगेत येण्यासाठी पृष्ठभाग देतात. निष्कासित रेशीमतंतूची जाडी सुमारे १० मायक्रोमीटर असते. मोठ्या अक्षतंतूंची जाडीही त्याच परिमाणाची असते. म्हणून हा धागा ब्युंग्नरच्या पट्ट्याची उणीव काही अंशी भरून काढतो. (३) विद्युत्क्षेत्राने ओढलेल्या सूक्ष्मतंतूंची जाळी नलिकेची भिंत म्हणून वापरल्यास पारगम्यता नियंत्रित करता येते. (४) चेतावर्धक घटकयुक्त रचना : रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅनली कोहेन यांच्या ज्या शोधाला १९८६ चे नोबेल पारितोषिक लाभले, तो चेतावर्धक घटक फायब्रॉइनमध्ये सामावून संथपणे मुक्त करता येतो. फायब्रॉइनचे जलीय संस्करण सौम्य असल्यामुळे घटकाची क्रियाशीलता टिकू शकते.

चौथ्या प्रकाराबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. घटकाची मात्रा एकाच जागी अधिक राहिली तर तंतू तेथेच रेंगाळतात आणि पुढे जात नाहीत. म्हणून मात्रेइतकेच तिच्या वितरणाला आणि कालक्रमाला महत्त्व आहे.

१०. प्रमाणांची श्रेणी

रेशमाच्या उपयुक्ततेची प्रमाणे चार पायऱ्यांवर मांडता येतात. प्रत्येक पायरी काय सिद्ध करते आणि काय करत नाही, हे स्पष्ट करणे अगत्याचे आहे.

पहिली पायरी पेशीसंवर्धनाची. चीनमधील नानतोंग विद्यापीठातील गटाने २००७ मध्ये श्वान पेशी आणि पृष्ठमूल गुच्छिकेतील चेतापेशी फायब्रॉइनवर वाढवून सुसंगती दाखवली. यावरून पदार्थ विषारी नाही इतकेच सिद्ध होते.

दुसरी पायरी उंदराची. त्याच गटाने त्याच वर्षी उंदराच्या मांडीतील सायटिक चेतेत १० मिलिमीटरचे अंतर तंतुपूरित रेशीमनलिकेने सांधले. ६ महिन्यांनंतरचे परिणाम स्वकलमाच्या जवळ पोहोचले. येथे वाढ आणि वहन दोन्ही सिद्ध होतात. परंतु उंदराची पुनर्जननशक्ती मानवापेक्षा अधिक आणि अंतर अल्प असते. म्हणून हा निष्कर्ष तसाच मानवाला लावता येत नाही.

तिसरी पायरी मोठ्या प्राण्याची. क्रिस्टीन राड्टके आणि हॅनोव्हर येथील सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मेंढीच्या पायातील टिबियल चेतेत ६ सेंटिमीटरचे अंतर पेशीरहित केलेल्या शिरेत कोळ्याचे रेशीमतंतू भरून सांधले. १० महिन्यांनंतर अक्षतंतू पलीकडे पोहोचले होते आणि त्यांच्यावर मायलिन चढले होते. अंतर मानवी इजेच्या परिमाणाचे असल्यामुळे या प्रयोगाचे वजन अधिक आहे.

चौथी पायरी मानवाची. इटलीत विकसित झालेल्या त्रिस्तरी रेशीमनलिकेची प्रारंभिक चाचणी ज्युरिकच्या विद्यापीठ रुग्णालयात बोटांच्या संवेदी चेतांवर झाली. अशी चाचणी प्रथमतः सुरक्षितता पाहते. मोठ्या, मिश्र चेतांमधील कार्यपुनःप्राप्ती हा तिचा विषय नसतो, आणि तो तिच्यावर लादू नये.

११. मध्यवर्ती चेतासंस्थेतील स्थिती

मेंदू आणि मेरुरज्जू यांत प्रश्नाचे स्वरूप बदलते. तेथे श्वान पेशींच्या जागी ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी असतात. त्यांच्या मायलिनमधील नोगोसारखी प्रथिने वाढीला रोधक ठरतात. इजेभोवती ॲस्ट्रोसाइट पेशींचा व्रण तयार होतो. अवशेषांची सफाईही संथ असते. म्हणजे परिघात मार्गाचा अभाव ही मुख्य अडचण असते. मध्यवर्ती संस्थेत त्याशिवाय निषेधही असतो. नलिका मार्ग देऊ शकते, निषेध उठवू शकत नाही.

म्हणून येथे रेशमाच्या भूमिका वेगळ्या ठरतात. मऊ जेल इजेच्या पोकळीत भरून प्रत्यारोपित पेशींना आश्रय देणे ही एक. औषध स्थानिक पातळीवर संथपणे सोडणे ही दुसरी. तिसरी विद्युदग्रांच्या आधाराची : २०१० मध्ये विरघळणाऱ्या रेशीमपटलावर बसवलेली अतिपातळ विद्युदग्रे मांजराच्या मेंदूवर ठेवली असता पटल विरून विद्युदग्रांची जाळी मेंदूच्या घड्यांना चिकटून बसली. या तिन्ही भूमिका साहाय्यक आहेत. त्यांना मेरुरज्जूच्या पुनर्जननाची सिद्धी म्हणणे तर्कदृष्ट्या चुकीचे ठरते.

१२. मर्यादा

रेशमाच्या मर्यादांचे दोन वर्ग करावे लागतात : सामग्रीच्या आणि समस्येच्या.

सामग्रीच्या मर्यादा संशोधनाने कमी होऊ शकतात. कोशाची जात, ऋतू, उकळण्याचा काळ यांनुसार फायब्रॉइनचे गुण बदलतात. त्यामुळे एका घाण्याची वस्तू दुसऱ्या घाण्यासारखी निघणे कठीण जाते. निर्जंतुकीकरणाची पद्धत पत्रकांचे प्रमाण बदलू शकते. व्यक्तीगणिक विकरांची क्रियाशीलता वेगळी असल्याने विलयकालही काहीसा बदलतो.

समस्येच्या मर्यादा सामग्रीच्या कक्षेबाहेर आहेत. दंडाच्या वरच्या भागात चेता तुटली असता हातापर्यंतचे सुमारे ६० सेंटिमीटर अंतर कापण्यास तंतूला ६०० दिवस लागतील. चेतेशी संबंध तुटलेला स्नायू साधारण १२ ते १८ महिन्यांनंतर पुनर्योजनास अपात्र होऊ लागतो. वाट पाहणाऱ्या श्वान पेशींची साहाय्यशक्तीही क्षीण होते. ३ सेंटिमीटरचा सेतू कितीही निर्दोष असला तरी पुढील अंतराचा काळ तो कमी करत नाही. अशा इजेत जवळच्या कार्यक्षम चेतेची शाखा वळवून स्नायूला जोडण्याचा मार्ग अधिक फलदायी ठरू शकतो.

१३. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील सिद्धान्त निष्पन्न होतात.

(१) चेतेचे पुनर्जनन पेशी करतात. सामग्री त्यासाठी अवकाश, दिशा आणि अवधी पुरवते. (२) या तीन पुरवठ्यांपैकी अवधीचे नियमन सर्वांत दुष्कर असून रेशमात ते बीटा-पत्रकांच्या प्रमाणाने साधता येते. रेशमाची पात्रता त्याच्या प्रसिद्ध बळकटीत नाही. या नियमनक्षमतेत आहे. (३) पोकळ नलिकेपेक्षा तंतुपूरित रचना सयुक्तिक आहे, कारण ती आधारद्रव्य टप्प्यातील नैसर्गिक उणीव भरते. (४) परिघीय चेतांमधील मर्यादित अंतरांसाठी प्रमाणे आश्वासक आहेत. मोठ्या मिश्र चेता आणि मेरुरज्जू यांच्याबाबत ती अपुरी आहेत. (५) यापुढील प्रत्येक रचनेचे मूल्यमापन तंतू किती वाढले एवढ्यावर न थांबता, बोटाला स्पर्श कळला का आणि स्नायू आज्ञेनुसार हलला का, या कसोटीवर झाले पाहिजे. पुनर्जननाची व्याख्या याहून कमी काही मान्य करत नाही, आणि रुग्णाची गरजही याहून कमी नाही.